चवथीच्या आधी घर उभं करायचंय, प्लॅन नक्की कुठून धरू?

पडवीतला_झोपाळा
नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या. गोव्यात डिचोली तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे, चिऱ्याचं, मंगळुरी कौलांचं, मधे राजांगण, किती जुनं ते कुणालाच धड माहीत नाही. वर्षभर तिथे फक्त थोरले काका-काकी असतात पण चवथीला आम्ही चाळीस-पंचेचाळीस माणसं जमतो कारण गणपती सगळ्यांचा मिळून एकच. गेल्या वर्षी देवखोलीच्या बाजूने एवढं गळलं की गणपतीवर फळं-पानं बांधतो त्या माटोळीखाली बादल्या ठेवायची पाळी आली. मग दिवाळीत ठरलं की छप्पर उतरवून लाकूड बदलायचं, मागे दोन संडास-बाथरूम स्लॅबचे बांधायचे, वायरिंग नवीन करायचं. आणि मी वेर्ण्याला फॅक्टरीत प्लॅनिंगमध्ये आहे म्हणून "तू इंजिनियर, तूच बघ" असं म्हणून सगळं माझ्या गळ्यात.

बजेट १८ लाख, पाच घरांतून मिळून. एक्सेलमध्ये ८६ ओळींचा रंगीत चार्ट केलाय, शेवटची तारीख १० सप्टेंबर. यंदा अधिक मास आहे त्यामुळे चवथ १४ सप्टेंबरला, म्हणजे भरपूर वेळ आहे असं सगळे म्हणतात. चार्ट फॅमिली ग्रुपवर टाकला तर तीन अंगठे आले आणि आत्याने विचारलं की ह्यात किचनचा ग्रॅनाइट कुठे दिसत नाही. काम घेणारा मेस्त (मिस्त्री) म्हणतो दोन महिन्यांत करून देतो. मला मात्र धाकधूक वाटतेय. हेच काम फॅक्टरीत रोज करतो पण इथे काय आधी धरू तेच कळेना. आत्ता जानेवारीचा दुसरा आठवडा आहे. कुणी केलंय का असं काम?

निवृत्त_ओव्हरसियर
बाबा, ८६ ओळी राहू देत, तुझी शेवटची तारीखच चुकलीय. तुझी डेडलाइन चवथ नव्हे, पाऊस. जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे पाऊस लागतो, त्याच्या आधी मे महिन्यात वळवाच्या सरी येऊन जातातच, आणि मग सीझनभरात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. जुन्या घरांत चिरे बऱ्याचदा मातीत बसवलेले असतात, वरून छप्पर नसताना त्यात पाणी मुरलं तर भिंत बसते, मी स्वतः पाहिलीय बसलेली. तेव्हा छपराची तारीख १५ मे धर. वायरिंग, गिलावा, रंग हे सगळं नंतर कौलाखाली सुक्यात करता येतं, त्याला जून ते ऑगस्ट मोकळे आहेत. म्हणजे तुझ्याकडे आठ महिने नाहीत, चारच आहेत.

आता त्या ८६ ओळींचं. १९५७ च्या सुमाराला अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीने रेमिंग्टन रँडच्या माणसांना घेऊन क्रिटिकल पाथची पद्धत काढली, तू फॅक्टरीत वापरतच असशील. तिचा गाभा एवढाच की सगळी कामं सारखी नसतात, एकामागून एकच होऊ शकतील अशा कामांची जी सगळ्यात लांब साखळी असते ती जेवढी लांबेल तेवढं सगळं काम लांबतं, बाकीची थोडी मागेपुढे झाली तरी चालतात. तुझी साखळी म्हणजे परवानगी, लाकूड, उतरवणं, सुतारकाम, कौलं. उलटी मोज. १५ मे ला शेवटचं कौल, त्याआधी सुतारकाम सहा आठवडे धर, त्याआधी उतरवायला एक आठवडा, म्हणजे मार्चअखेर छपराला हात लागला पाहिजे. लाकूड तेव्हा वखारीत नव्हे तुझ्या अंगणात हवं, तेही सुकलेलं. ओलं माट्टीचं, म्हणजे ऐनाचं, लाकूड चढवलंस तर ते वर जाऊन पिळवटतं आणि कौलांच्या रांगा वाकड्या. म्हणजे ऑर्डर फेब्रुवारीच्या सुरुवातीला.

आणि परवानगी तुझ्या चार्टात एकच ओळ असणार, पैज लावतो. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपला सातबारा) किती नावं आहेत ते आधी बघ. त्या सगळ्यांचं ना हरकत मागतील. पंचायतीची बैठक पंधरा दिवसांनी असते, एक कागद कमी पडला की अर्ज पुढच्या बैठकीला. कागदासाठी दोनदा परत आलास की महिना गेला. तेव्हा सह्या गोळा करणं हे तुझं पहिलं काम, मेस्त नंतर.

स्लॅबची घाई नको. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस ठेवावेत, त्याहून मोठा असेल तर चौदा, असं काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, दिलंय. पाणी मारणं साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आजकाल मिळतं त्या राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला दहा. गवंडी चौथ्या दिवशी टेकू मागायला येईल, दुसरीकडे साइट असते त्याची. देऊ नको.

पेडण्याचा_बोगदा
काकांनी साखळी सांगितली ती बरोबरच, मी एक जोडतो. कोकण रेल्वेचंच बघ, १९९० साली श्रीधरन यांच्या हाताखाली कंपनी सुरू झाली आणि सुमारे ७४० किमीचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला. रत्नागिरीजवळचा कर्बुड्याचा बोगदा साडेसहा किमीचा, तो झाला. आणि आमच्या पेडण्याचा जेमतेम दीड किमीचा, तो शेवटपर्यंत अडून राहिला. कारण आत खडक नव्हता, ओली मऊ माती, खोदलं की पुन्हा कोसळायचं. लांबीने नव्हे, आतल्या मातीने उशीर केला.

तुझ्या घरात अशी माती कुठे आहे ते आधी शोध. मी म्हणेन भिंतीच्या माथ्यावरचं लाकूड आणि आढ्याची टोकं जिथे भिंतीत शिरतात ती जागा. वाळवी तिथे आतून खाते आणि बाहेरून रंग मारलेला असतो. ह्याच रविवारी जा, चारही कोपऱ्यांवरची दहा-दहा कौलं सरकव आणि स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघ. शिरला सहज तर मेस्ताचे दोन महिने विसर.

आणि दोन महिने हा आकडा मेस्ताने कुठून काढला? प्रत्येक जण आपलं काम सगळं नीट पार पडेल असं धरूनच दिवस मोजतो, डॅनियल कानमन आणि ट्वर्स्की ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच ह्यावर लिहून ठेवलंय. उपाय साधा, तुमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, गेल्या चार-पाच वर्षांत ज्यांनी छप्पर बदललं त्यांना विचार किती दिवस लागले. किती ठरवले होते ते नको, किती लागले ते.

सुतारांचा_भाचा
एवढं काय डोकं लावताय, चार सुतारांच्या जागी आठ लावा, काम अर्ध्या वेळात. छप्पर आहे, चांद्रयान नाही.

पेडण्याचा_बोगदा
भाच्या, तुझ्या मामालाच विचार. आढं एक, त्यावर आठ जण बसणार कुठे? आयबीएममध्ये मोठं सॉफ्टवेअर करताना हात पोळलेल्या फ्रेड ब्रूक्सने १९७५ मध्ये लिहिलंय की उशीर झालेल्या कामावर नवीन माणसं घातली की आणखी उशीर होतो, कारण जुनी माणसं नव्यांना समजावत बसतात. तो सॉफ्टवेअरबद्दल बोलत होता हे कबूल, रिपा ठोकायला माणसं वाढवली तर चालेल. पण वाशांची मापं घेणारा, सांधे कापणारा एकच हात हवा.

सुतारांचा_भाचा
बरं बरं. पण शिमग्याला ते चारही गावी जाणार हे लिहून ठेव. होळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे, मजूर गेले की पंधरा दिवस फोनसुद्धा उचलत नाहीत. हे मामाच सांगतो.

थोरली_सून
भाऊ, लाकूड-कौलं ह्यांनी सांगितलीच, मी आत्यांबद्दल सांगते. आमच्या सासरचं घर आम्ही असंच केलं, फोंड्याच्या बाजूला. काम मेस्तामुळे रखडलं नाही, आमच्यामुळेच रखडलं. एका दिराला पडवीत टाइल्स हव्या, दुसऱ्याला मातीचीच जमीन ठेवायची, सासूबाई मेस्ताला परस्पर सांगायच्या "इकडे एक कोनाडा कर रे", तो करायचा आणि बिलात लावायचा. ठरलं होतं १२ लाख, गेले १७.

मग नणंदेच्या नवऱ्याने एक केलं. दोनशे पानी वही आणली आणि ओट्यावर खिळ्याला टांगली. ज्याला काही वाढवून हवं त्याने वहीत स्वतःच्या हाताने लिहायचं, समोर मेस्ताकडून पैसे आणि दिवस लिहून घ्यायचे, आणि त्याखाली सही. ते जास्तीचे पैसे सहीवाल्याचे. विश्वास ठेव, अर्धे बदल वहीपर्यंत पोचलेच नाहीत. मेस्ताशी बोलणारा माणूस पण एकच, बाकीच्यांनी चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. (सासूबाईंना हे सांगायचं काम माझ्या गळ्यात आलं, ती वेगळी कथा.)

तुझे १८ लाख आहेत ना, त्यातले अडीच-तीन कुणाला न सांगता बाजूला ठेव. सांगितलंस की ग्रॅनाइट झालाच समज. मेस्ताला पैसे आठवड्याला नको, कामावर. लाकूड चढलं इतके, कौलं चढली इतके, आणि शेवटचा मोठा हप्ता पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर. आमचा मेस्त ह्याच हप्त्यासाठी जूनमध्ये दोनदा येऊन गळती काढून गेला.

आणि एक्सेल ग्रुपवर टाकू नको, कुणी उघडत नाही. रविवारी संध्याकाळी तीन ओळी टाक. ह्या आठवड्यात काय झालं, पुढे काय, कुणाकडून काय अडलंय. तिसऱ्या ओळीत नाव लिही. नाव वाचलं की माणूस फोन करतो.

पडवीतला_झोपाळा
सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी अपडेट देतोय. रविवारी कौलं सरकवली. देवखोलीवरचं आढं ठणठणीत, जिथे गळत होतं तिथे फक्त रिपा कुजलेल्या. आणि ज्या बाजूकडे कुणी बघतच नव्हतं, स्वयंपाकघरावरची, तिथे स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. काका बघून तिथेच खाली बसले. वाड्यावर तीन घरं विचारली, त्यांना लागले साडेतीन महिने, चार महिने, आणि एकाचं दुसऱ्या वर्षावर गेलं.

मग बाथरूमचं काम ह्या वर्षीच्या यादीतून काढलं, पुढच्या हिवाळ्यात. छप्पर दोन भागांत, आधी स्वयंपाकघराचं पाखं, मग देवखोलीचं, म्हणजे काका-काकींना घर सोडायला नको आणि एक भाग रखडला तरी दुसरा झाकलेला राहील. लाकडाची ऑर्डर परवा दिली. उताऱ्यावर अकरा नावं निघाली, त्यातले दोघे वारलेले, त्यांच्या मुलांच्या सह्या घेतोय.

वही टांगलीय. आत्याने पहिल्याच दिवशी ग्रॅनाइट लिहिला, आकडा बघितला, आणि सही न करता पान उलटून ठेवलं.

आता एक सही राहिलीय, दुबईचा चुलतभाऊ. रविवारच्या तिसऱ्या ओळीत दोनदा त्याचं नाव टाकलंय. काल रात्री फोन आला, म्हणाला शिमग्याला येतो तेव्हा करतो. ओव्हरसियर काका, तोपर्यंत थांबू की कुरियरने कागद पाठवू?

निवृत्त_ओव्हरसियर
आजच पाठव. आणि कुरियरचा नंबर तुझ्या त्या ग्रुपवर टाक.