पिंपळगावहून स्वतःच्या गाडीने नेपाळ : अण्णांना काळी गंडकी दाखवायची आहे

बागाईतदार_पिंपळगाव

रामराम मंडळी. पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे. शेवटचा प्लॉट मार्चच्या वीस-बावीस तारखेला खाली होईल आणि खरड छाटणी १२ एप्रिलच्या आसपास धरायची आहे. मधले वीसेक दिवस वर्षातले एकमेव मोकळे दिवस. ऑक्टोबरात गोडी छाटणी असते, तेव्हा घर सोडताच येत नाही.

वडील ७२ वर्षांचे. आमच्या देवघरात पणजीच्या वेळचा शाळिग्राम आहे. अण्णा रोज त्याला तुळस वाहतात. गेल्या दिवाळीत पूजा झाल्यावर एवढंच म्हणाले, "हा ज्या नदीतून आला ती एकदा बघायची होती." त्यांनी आयुष्यात आमच्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही, म्हणून हे वाक्य डोक्यातून जात नाही.

मी, बायको, आई आणि अण्णा. गाडी सीएनजी इर्टिगा, पण ती थोरल्या भावाच्या नावावर आहे. आईचं मतदान कार्ड सापडत नाही, आधार आहे, वय ६३. अण्णांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात. शाळिग्राम जिथून येतात त्या काळी गंडकीच्या खोऱ्यातल्या मुक्तिनाथाच्या देवळापर्यंत गाडी न्यावी का? सोनौलीच्या सीमेवर काय काय लागतं? स्वतःची गाडी नेलेल्यांनी सांगा, टूरवाल्यांचे दर मला नकोत. अण्णांना वाटेल तिथे थांबता आलं पाहिजे, बसच्या वेळेत त्यांना बांधायचं नाही.

नाशिकरोडचा_चालक

दादा, मी २०२२च्या नोव्हेंबरात नाशिकरोडहून गाडी घेऊन गेलो होतो. आधी कागदांचं बोलतो, कारण आमचा एक पूर्ण दिवस तिथेच गेला. गाडी वडिलांच्या नावावर, वडील घरी, आणि माझ्याकडे त्यांचं संमतिपत्र नाही. चूक आमचीच. शेवटी नोटरी केलेलं पत्र घरून मागवलं तेव्हा पुढे सरकलो. तुम्ही भावाकडून गाडीचा नंबर, तुमचं नाव आणि लायसन्स नंबर घालून पत्र करून घ्या, नोटरी करा, आरसी बुक मूळ ठेवा.

सीमेपलीकडे बेलहियाला 'भन्सार' म्हणजे त्यांचं जकात कार्यालय. तिथे गाडीची दिवसांच्या हिशोबाने पावती फाडतात, शिवाय वाहतूक परवाना वेगळा. जितके दिवस ठरवलेत त्याहून दोन दिवस जास्तीचे भरा. दरड पडली आणि एक दिवस उशीर झाला तर दंडापेक्षा ते स्वस्त पडतं. पावतीवरची तारीख विक्रम संवताची असते, आपल्याला उलगडत नाही. समोरच्यालाच विचारून शेवटचा दिवस इंग्रजी तारखेने मागे लिहून घ्या. वर्षभरात मिळून भारतीय गाडी तिथे ३० दिवसच ठेवता येते, तुम्हाला तेवढे लागणारच नाहीत.

आईंचं मतदान कार्ड आजच अर्ज करून काढा, नाहीतर पासपोर्ट. आधार फक्त ६५च्या पुढच्यांना आणि १५च्या आतल्यांना चालतं. अण्णांचं काम होईल, आईंचं नाही.

गाडीच्या विम्यात नेपाळ आपोआप धरलेला नसतो. विमा कंपनीकडून भौगोलिक क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं, थोडा जास्तीचा हप्ता लागतो. निघायच्या आठवडाभर आधी करा. सीएनजी तिकडे मिळत नाही, सीमेपासून पेट्रोलवर.

इथून धुळे, इंदूर, शिवपुरी, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर असं सोनौलीपर्यंत साधारण १६०० किलोमीटर. तीन मुक्काम करा. एकट्याने चालवणार असाल तर चार. रात्री चालवू नका, अण्णा मागे बसलेत हे लक्षात ठेवा.

आता मुक्तिनाथ. ते सुमारे ३,७०० मीटरवर आहे आणि बेनीच्या पुढे जोमसोमपर्यंतचा रस्ता इर्टिगासारख्या खाली टेकणाऱ्या गाडीचा नाही. मी पोखऱ्याला गाडी उभी करून जीपने गेलो, तरी माझी कंबर दोन दिवस धरली होती. अण्णांच्या गुडघ्यांना आणि रक्तदाबाला ते झेपेल असं मला मनापासून वाटत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

पण तुमचं वाक्य परत वाचलं. अण्णांना नदी बघायची आहे ना? मग मुक्तिनाथपर्यंत जायलाच पाहिजे असं नाही. सोनौलीहून बुटवल, पाल्पा करत पोखऱ्याला जाणारा सिद्धार्थ राजमार्ग रामदीला काळी गंडकीच पुलावरून ओलांडतो. खाली घाट आहे. उंची फारशी नाही, दम लागत नाही. तीच नदी, मुक्तिनाथच्या खालून वाहत आलेली.

पंचवटीची_लेक

भाऊ, आम्ही सासूबाईंना घेऊन एप्रिलमध्ये गेलो होतो. वणव्यांच्या धुरामुळे त्या दिवसांत पोखऱ्याहून अन्नपूर्णेच्या रांगा चार दिवसांत एकदाच दिसल्या, तेही पहाटे. अण्णांना डोंगरांची फार आशा लावू नका. नदी मात्र धुरात लपत नाही.

बुटवल सोडलं की सिद्धबाबाचा घाट लागतो. वरून दगड येतात, त्यासाठी तो बदनाम आहे, तिथे बोगद्याचं काम सुरू झालंय. नांदुरीचा घाट चढायची सवय असली तरी तिथे थांबून फोटो काढू नका. पावसाळ्यात तर नकोच. २०२४च्या जुलैमध्ये नारायणगढ-मुग्लिंग रस्त्यावर सिमलतालला दरडीने दोन बस त्रिशूलीत ओढून नेल्या होत्या. तुमचे दिवस कोरडे आहेत, ते बरं आहे.

शंभराच्या नोटा भरपूर न्या, खळखळ न करता घेतात. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे, हिशोब सोपा आहे. गोळ्या दुप्पट न्या, अर्ध्या आईंच्या पिशवीत. आणि परतीला नारायणगढवरून आलात तर जवळच देवघाट आहे, तिथे काळी गंडकी आणि त्रिशूलीचा संगम. सासूबाई तिथे पायरीवर दीड तास बसल्या. आम्ही कोणी उठवलं नाही.

बागाईतदार_पिंपळगाव

ताई, दादा, तुम्ही दोघांनी माझं ओझं उतरवलंत. आज जेवताना अण्णांना विचारलं, मुक्तिनाथला नाही जाता आलं तर चालेल का. म्हणाले, "पाणी तेच ना?" मग थोड्या वेळाने, "शाळिग्राम बरोबर न्यायचा का घरीच ठेवायचा?"

भावाचं पत्र सोमवारी निफाडला नोटरी करतो. आईच्या कार्डाचा अर्ज आज भरला. सोनौली, रामदी, पोखऱ्याला तीन दिवस, देवघाट आणि परत, असं ठरवतोय. अण्णांची तब्येत साथ देत असेल तर काठमांडूला पशुपतिनाथ, पण ते तिथे गेल्यावर.

शाळिग्रामाबद्दल मात्र मला उत्तर देता आलं नाही. कोणी घरचा देव असा प्रवासात नेला असेल तर सांगा. नाहीतर रोजची तुळस वाहायला थोरली वहिनी आहेच.

नाशिकरोडचा_चालक

दादा, ते अण्णांनाच ठरवू द्या. नेला तर सोवळ्यातल्या डब्यात, अण्णांच्या मांडीवर, डिकीत नको.