मदत हवी आहे: मित्रमंडळींना परभाषिक आणि स्वतंत्र सिनेमे सुचवायचेत, सुरुवात कुठून करावी?

पाऊलवाट

आम्ही सातजण महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी ठाण्यात एकाच्या घरी सिनेमा बघायला जमतो. आता हिंदी-मराठीच्या जोडीला इराणी, जपानी, युरोपीय आणि आपल्याकडचे कमी बजेटचे स्वतंत्र सिनेमेही बघू या असं ठरलंय. निवडीचं काम माझ्याकडे आहे.

अडचणी अशा: दोघांना इंग्रजी सबटायटल्स भराभर वाचता येत नाहीत. ज्याच्या घरी जमतो त्याचे सत्तरीतले आईवडीलही सोबत बसतात. टीव्ही ४३ इंची आणि सोफा साधारण दहा फुटांवर. साडेनऊला पानं वाढतात, त्यामुळे दोन तासांच्या फार पुढे जाता येत नाही.

पहिले चार-पाच कोणते घ्यावेत आणि कोणत्या क्रमाने? सुचवताना ग्रुपवर काय लिहावं? 'जगातले शंभर सर्वोत्तम' छापाच्या याद्या भरपूर आहेत, त्यातून निवड होत नाहीये.

चौथी रांग

त्या याद्या तूर्त बाजूलाच ठेवा. सिनेमाचं इतिहासातलं स्थान त्यातून कळतं, पण समोर बसलेल्या माणसाला पहिल्या वीस मिनिटांत किती कष्ट पडणार आहेत ते कळत नाही.

नव्या प्रेक्षकाला चार गोष्टी जड जातात: वाचता वाचता चित्र बघणं, संथ गती, कृष्णधवल चित्र आणि सरळ रेषेत न जाणारी गोष्ट. एका वेळी यातली एकच नवी असावी. ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) माझ्या लेखी सर्वोत्तमांपैकी आहे. मुलांकडे राहायला आलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांची ती गोष्ट आपल्या घरांतही तशीच घडते. पण त्यात पहिल्या तिन्ही गोष्टी एकदम अंगावर येतात, वर लांबी १३६ मिनिटं. तो वर्षभराने लावा, तेव्हा तो पोचेल.

माझा क्रम असा:

पहिला, माजिद माजिदींचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (इराण, १९९७, ८९ मिनिटं). रंगीत आहे, गोष्ट सरळ आहे, वाक्यं छोटी आहेत, म्हणजे नवीन काय तर फक्त वाचन. श्रेयनामावली चालू असताना पडद्यावर चांभाराचे हात एका लहान, झिजलेल्या गुलाबी बुटाला टाके घालताना दिसतात. थोड्याच वेळात तो जोड हरवतो आणि भावंडांची पंचाईत सुरू होते. पाचव्या मिनिटाला सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. एक गोष्ट मात्र आधी तपासा. वडील खोलीत असल्यामुळे भावंडं बोलायच्या ऐवजी वहीत लिहून एकमेकांना दाखवतात, असा प्रसंग सुरुवातीलाच आहे. काही सबटायटल फायलींत फक्त बोललेले संवाद असतात, लिहिलेला मजकूर नसतो. तशी फाईल असेल तर दोघांमधला करार प्रेक्षकाला कळतच नाही आणि पुढचा सगळा आटापिटा कशासाठी हेही कळत नाही.

दुसरा, चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४, ११६ मिनिटं). भाषा बरीचशी आपलीच, इथे नवीन आहे ती गती. कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. साक्षीदार काहीतरी सांगतो आणि न्यायाधीश ते आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात, हा कामकाजातला फरक नीट ऐकण्यासारखा आहे. मधे सिनेमा खटला सोडून वकिलांच्या मागे त्यांच्या घरी जातो. बचावपक्षाचा वकील खरेदी करतो, सरकारी वकीलबाई मुलाला घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात. 'याचा केसशी काय संबंध?' हा प्रश्न नेमका इथे येतो. म्हणून आधीच सांगून ठेवा की हा सिनेमा कोर्टातल्या माणसांच्या कोर्टाबाहेरच्या आयुष्याबद्दलही आहे.

तिसरा, दारदेन बंधूंचा 'टू डेज, वन नाईट' (बेल्जियम, २०१४, ९५ मिनिटं). सौरपॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यातली कामगार. तिची नोकरी टिकायची तर सोळा सहकाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी आपला हजार युरोचा बोनस सोडायच्या बाजूने मत द्यायला हवं. शनिवार-रविवारात ती एकेकाच्या दारी जाते. तीच विनंती पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे वाचनाचा भार आपोआप हलका होतो आणि नजर समोरच्या चेहऱ्यांवर राहते. नायिका नैराश्यातून उठलेली आहे आणि ती एकदम बऱ्याच गोळ्या घेते असा प्रसंग आहे, तेवढं आधी सांगा.

चौथा, कृष्णधवलची सवय लावायला डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज' (इटली, १९४८, ८९ मिनिटं). नोकरीसाठी सायकल हवी म्हणून घरातल्या चादरी गहाण पडतात. ते गाठोडं घेऊन कर्मचारी एका प्रचंड उंच मांडणीवर चढत जातो आणि तिथे असलीच शेकडो गाठोडी आधीपासून रचलेली दिसतात. सगळ्या शहराची हलाखी त्या एका दृश्यात आहे. १९५२ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखवला गेला होता आणि 'दो बिघा जमीन' (१९५३) वर त्याचा प्रभाव आहे. घरातल्या ज्येष्ठांना हा धागा लगेच जुळेल.

दिवेलागण

चौथी रांग, क्रम पटला. मी फक्त टीव्हीबद्दल लिहिते, कारण चांगला सिनेमा पडण्याची निम्मी कारणं तिथेच असतात.

४३ इंचावर दहा फुटांवरून नेहमीच्या आकाराची सबटायटल्स वाचायला ताण पडतो. सोफा सात फुटांवर ओढता आला तर उत्तम. नाहीतर ॲपच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार मोठा करा. रंग पिवळा आणि कडेला काळी किनार ठेवा. कृष्णधवल सिनेमात पांढरं आभाळ किंवा पांढरी भिंत आली की पांढरी अक्षरं दिसेनाशी होतात.

ॲपमध्ये 'इंग्लिश' आणि 'इंग्लिश सीसी' असे दोन पर्याय असतील तर साधं 'इंग्लिश' घ्या. सीसी ऐकू न येणाऱ्यांसाठी असतं. त्यात दार वाजलं, संगीत सुरू झालं याच्याही ओळी येतात आणि सावकाश वाचणाऱ्याचं ओझं वाढतं. घरात कुणाला कमी ऐकू येत असेल आणि इंग्रजी वाचता येत असेल तर मात्र सीसीच लावा.

टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. सोनीमध्ये त्याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतः तयार करून भरतो आणि सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की हे आपोआप बंद होतं.

जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. ते घालवायला कुणी झूम केलं तर वरून डोकी कापली जातात आणि काही वेळा खालून सबटायटल्सही.

तुमच्याकडची फाईल लॅपटॉपवरून लावणार असाल तर आदल्या दिवशी तीन ठिकाणी तपासा: दहाव्या मिनिटाला, मध्यावर आणि शेवटच्या दहा मिनिटांत. तिन्ही ठिकाणी सबटायटल सारखंच मागेपुढे असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी ते ५० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी सरकवता येतं. पण सुरुवातीला बरोबर आणि नंतर फरक वाढत चालला असेल तर सरकवून काही होणार नाही. सिनेमाची फाईल सेकंदाला २५ चित्रांची आणि सबटायटल २३.९७६ च्या प्रतीसाठी बनलेलं असतं (किंवा उलट), दोन तासांत जवळपास पाच मिनिटांचा फरक पडतो. अशा वेळी त्या प्रतीला जुळणारी दुसरी सबटायटल फाईल घ्यायची, किंवा 'सबटायटल एडिट' या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलायचा.

सांजसावली

ग्रुपवर काय लिहावं याबद्दल. 'मस्ट वॉच', 'शेवट हादरवून टाकेल' असलं काही लिहू नका. शेवटाची जाहिरात केली की माणूस दोन तास फक्त शेवटाची वाट बघत बसतो. पुरस्कारांची यादीही नको, तिने बघणाऱ्यावर दडपण येतं आणि नाही आवडला तर तो मोकळेपणी बोलत नाही. हवं ते एवढंच: नाव, देश, वर्ष, मिनिटं, भाषा, गोष्टीची सुरुवात दोन वाक्यांत, आणि काही त्रासदायक असेल तर ते. नमुना देते:

'शनिवारी ६.४५. टू डेज, वन नाईट, बेल्जियम, २०१४, ९५ मिनिटं, फ्रेंच, इंग्रजी सबटायटल्स. नोकरी वाचवायला एका बाईला सोळा सहकाऱ्यांना बोनस सोडायला सांगायचंय, हातात दोन दिवस. गाणी नाहीत, पार्श्वसंगीत जवळपास नाही. नैराश्य आणि गोळ्या घेण्याचा एक प्रसंग आहे. ७ ला सुरू करू, मध्यंतर नाही.'

'मध्यंतर नाही' हे लिहायचंच. हे सिनेमे मध्यंतर धरून बांधलेले नसतात, मधे चहाला उठलं की बसलेली लय पुन्हा जमायला वेळ लागतो. चहा आधी उरकून घ्या.

एकेकट्याला सुचवताना त्याला आधीच काय आवडतं तिथून निघा. कोर्टकचेरी, वाद, दोन्ही बाजू खऱ्या वाटणं हे आवडणाऱ्याला असगर फरहादींचा 'अ सेपरेशन' (२०११, १२३ मिनिटं). छोट्या छोट्या गोष्टी वाचणाऱ्याला अर्जेंटिनाचा 'वाइल्ड टेल्स' (२०१४), त्यात सहा स्वतंत्र गोष्टी आहेत आणि पहिली तर नावं यायच्या आधीच संपते. मात्र हिंसा आणि शारीरिक प्रसंग असल्यामुळे तो आईवडिलांसमोर नको. आणि एका वेळी एकच नाव द्या. पाच नावं पाठवली की एकही बघितला जात नाही.

पाऊलवाट

खूप उपयोगी प्रतिसाद, सर्वांचे आभार. सावकाश वाचणाऱ्या दोघांसाठी हिंदी डबिंग चालेल का? आणि एखाद्या सिनेमात वाचन किती आहे हे आधी कसं कळावं?

कट्टेकरी

माझं मत, डबिंग चालवून घ्यावं. न वाचता आल्यामुळे सिनेमा सुटण्यापेक्षा ते बरं.

चौथी रांग

ॲनिमेशनपुरतं मान्य, तिथे आवाज मुळातच वेगळा रेकॉर्ड करून जोडलेला असतो. मियाझाकींचा 'माय नेबर टोटोरो' (१९८८, ८६ मिनिटं) डब करून बघितला तरी फारसं काही हरवत नाही. पण माणसांच्या सिनेमात आवाज हा निम्मा अभिनय असतो. 'अ सेपरेशन'मध्ये दोघं-तिघं एकमेकांचं बोलणं तोडत बोलतात, आवाज चढतो, मधेच अडखळतो. डबिंगमध्ये ते एकामागून एक, स्वच्छ आणि सपाट होऊन येतं आणि भांडणातली धगच जाते.

वाचनाचा भार मोजायचा सोपा उपाय आहे. सबटायटलची एसआरटी फाईल नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. शेवटच्या क्रमांकाला सिनेमाच्या मिनिटांनी भागा. ९० मिनिटांत ६३० तुकडे म्हणजे मिनिटाला सात, हे हलकं. मिनिटाला बाराच्या वर गेलं की सावकाश वाचणारा मागे पडतो. ओटीटीवर फाईल हाती नसते, तिथे मधली कुठलीही पाच मिनिटं लावून मोजा.

आणि त्या दोघांसाठी अगदी सुरुवातीलाच 'द रेड टर्टल' (२०१६, ८० मिनिटं) ठेवता येईल. दिग्दर्शक मिखाएल दुदोक दे विट, निर्मितीत जपानच्या घिबली स्टुडिओचा सहभाग. बेटावर अडकलेल्या माणसाची गोष्ट, संवाद एकही नाही. संथपणाची ओळख होते आणि वाचायला काही लागत नाही. आजी-आजोबांनाही सहज बघता येईल.

दिवेलागण

मराठी सबटायटल्स स्वतः करायचा विचार असेल तर कमी संवादांचा सिनेमा घ्या. 'सबटायटल एडिट'मध्ये इंग्रजी फाईल उघडून वेळा तशाच ठेवायच्या, फक्त मजकूर बदलायचा. वाक्याचं शब्दशः भाषांतर न करता ते आखडायचं, कारण दोन सेकंदांत एक छोटी ओळच वाचून होते. फाईल साठवताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ हेच निवडा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. व्हीएलसीत फॉन्ट निर्मला यूआय ठेवा. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावला तर जोडाक्षरं तुटू शकतात, म्हणून लॅपटॉप एचडीएमआयने जोडलेला बरा.

सांजसावली

सिनेमा कुठल्या ॲपवर आहे ते जस्टवॉच या संकेतस्थळावर देश भारत ठेवून बघा, आणि त्याच आठवड्यात पुन्हा बघा. हक्क बदलले की सिनेमे ॲपवरून निघून जातात. भाड्याने घेतला तर साधारणपणे एकदा सुरू केल्यावर ४८ तासांत संपवावा लागतो, म्हणून आदल्या रात्रीची तपासणी ट्रेलरवर करा किंवा शुक्रवारी रात्रीच भाड्याने घ्या. घरगुती सदस्यत्व घरापुरतंच असतं. पुढे सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचं ठरलं तर हक्कधारकाची परवानगी लागेल.

मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी १९६८ पासून असे सिनेमे दाखवतेय. जानेवारीच्या आसपास पुण्याचा पिफ आणि नोव्हेंबरात गोव्याचा इफ्फी हे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतात. गटातल्या ज्यांना गोडी लागेल त्यांना तिकडे पाठवा. भरल्या थिएटरात संथ सिनेमा जास्त सहज बघून होतो.

पाऊलवाट

मग क्रम असा ठरवते: रेड टर्टल, चिल्ड्रन ऑफ हेवन, कोर्ट, टू डेज वन नाईट, बायसिकल थीव्ज. सहावा 'राशोमोन' (१९५०) चालेल का? ८८ मिनिटांचाच आहे आणि आमच्यात वाद घालणारे भरपूर आहेत.

चौथी रांग

चालेल, आणि जागाही बरोबर आहे. तोवर वाचन, गती, कृष्णधवल तिन्हींची सवय झालेली असेल, नवीन असेल ती फक्त रचना. एकच घटना वेगवेगळी माणसं वेगवेगळी सांगतात, एवढं ग्रुपवर लिहा, म्हणजे तोच प्रसंग पुन्हा आला की कुणी गोंधळणार नाही. मात्र घटना बलात्कार आणि खुनाची आहे, हेही त्याच निरोपात असू द्या. संपल्यावर 'कसा वाटला?' विचारू नका, त्याला 'छान' एवढंच उत्तर येतं. 'लाकूडतोड्याने काय लपवलं?' असं विचारा आणि साडेआठच्या आत विचारा, कारण तो वाद पानं वाढेपर्यंत मिटणार नाही.