प्रतिसाद: आकृत्या पुरे, एकदा पुळणीवर न्या

भूगोलात किनाऱ्याची भूरूपं शिकवण्यावरच्या लेखात म्हटलंय की मुलं 'तरंगघर्षित मंच' (लाटांनी झिजवून सपाट केलेला किनाऱ्याचा कातळ) पाठ करतात, पण समोर आला तर ओळखत नाहीत. अगदी खरं. आम्ही नववीला हरिहरेश्वरला नेलं. प्रदक्षिणेच्या वाटेवर पायऱ्या उतरलं की तो मंच पायाखालीच असतो आणि बाजूच्या कातळाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली दिसतात. एका पोराने भोकात बोट घालून विचारलं, "सर, हे कोणी कोरलं?" धडा तिथेच सुरू झाला.

फक्त ओहोटी बघून जा. कोकणातला ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. तरी भरतीचं वेळापत्रक तपासाच, लाटांशी खेळ नको.

किनाऱ्याचं व्यवस्थापन शिकवायला मालवणजवळचं देवबाग घ्या. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी, मधे वाळूचा चिंचोळा दांडा आणि त्यावर अख्खं गाव. बंधारा घालायचा की सुरूची झाडं लावायची, की किनाऱ्याला मोकळं सोडायचं? वर्गात मच्छीमार, हॉटेलवाला, सरपंच असे गट पाडा. आमच्याकडे हॉटेलवाल्यांच्या गटाने सीआरझेडवरून (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम) एवढं भांडण काढलं, की तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही.