विश्व पसरतंय म्हणून वेळ मंदावतो का? नववीच्या मुलांना कसं सांगू, सल्ला हवा

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या गच्चीवरून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या दोन थाळ्या दिसतात, त्यामुळे आकाशाबद्दलचे प्रश्न वर्गात रोजचेच.

गेल्या आठवड्यात एका मुलाने वडिलांच्या मोबाइलवरची बातमी वहीत उतरवून आणली होती: विश्वाच्या बालपणी वेळ पाचपट हळू चालायचा. त्याचा प्रश्न सरळ होता. "सर, म्हणजे तेव्हाचा एक तास आपल्या पाच तासांचा होता का?" उद्या सांगतो म्हणालो आणि रात्री वाचत बसलो. गुरुत्वाकर्षणाने घड्याळ मंदावतं हे मला ठाऊक होतं. पण प्रसरणानेही मंदावतं म्हणतात, तेव्हा ही दोन्ही एकाच कारणाची रूपं की वेगवेगळ्या गोष्टी, यातच अडकलो. मुलाला अजून उत्तर दिलेलं नाही आणि ते मला टोचतंय.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचा एक तास माझ्याकडे आहे, चाळीस मिनिटांचा. वारंवारिता नववीच्या ध्वनीच्या धड्यात होऊन गेली आहे. गुरुत्वाकर्षणाचा धडा दहावीला येतो. काय सांगू, हाताने काय करून दाखवू आणि काय मुद्दाम गाळू? खर्च होईल तो माझ्या खिशातून, त्यामुळे साधंसं सुचवा.

अश्विनी नक्षत्र

सर, कृष्णविवर गाळा. एकदा त्याचं नाव निघालं की तास तिथेच संपतो, माझ्या वर्गात दोनदा झालंय. बाकीचं जाणकार सांगतील, मीही वाचायला बसले आहे.

ध्रुवमत्स्य

सर, मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. तेव्हाचा तास तिथे तासाचाच होता. आपल्याला तो पाच तासांचा *दिसतो*. सगळा घोळ या एका क्रियापदात आहे, आणि बातमीने नेमकं तेच बदललं.

तुम्ही दोन गोष्टी वेगळ्या करू पाहताय ते बरोबर आहे. मी खगोलप्रेमींच्या वर्गात एक कसोटी वापरतो: दोन्ही बाजूंची साक्ष घ्या.

आधी गुरुत्वाकर्षण. एक घड्याळ डोंगराच्या पायथ्याशी आणि एक माथ्यावर ठेवलं. माथ्यावरचा म्हणतो, खालचं हळू चालतंय. खालचा म्हणतो, वरचं जलद चालतंय. दोघांची साक्ष जुळते. पुढे दोन्ही घड्याळं एका टेबलावर आणून ठेवली तरी फरक तसाच राहतो, कारण वरच्याने खरोखरच जास्त टोले मोजलेले असतात. हे कागदावरचं गणित नाही. टोकियोतल्या स्कायट्री मनोऱ्यावर जपानी शास्त्रज्ञांनी तळाशी एक आणि ४५० मीटर उंचीवर एक अशी अतिअचूक घड्याळं ठेवली. २०२० साली निकाल जाहीर झाला: वरचं घड्याळ दिवसाला सुमारे ४ नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) पुढे. त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेत एक घड्याळ दुसऱ्यापेक्षा फक्त ३३ सेंटीमीटर वर उचलून फरक मोजला होता. ३३ सेंटीमीटर म्हणजे मुलांच्या कंपासपेटीशेजारी पडलेली फूटपट्टी. ती उभी धरा आणि सांगा, पट्टीच्या वरच्या टोकाशी वेळ खालच्यापेक्षा किंचित जलद जातो. वर्ग गप्प होतो.

जवळचं उदाहरण हवं तर कळसूबाई घ्या. उंची १६४६ मीटर, म्हणजे समुद्रसपाटीच्या तुलनेत माथ्यावरचं घड्याळ दिवसाला सुमारे १५ नॅनोसेकंद पुढे. शंभर वर्षं वर ठेवलं तरी फरक जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाचा. आकडा इवलासा आहे, पण खरा आहे.

आता प्रसरण. दूरच्या दीर्घिकेतलं, म्हणजे दूरच्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहातलं घड्याळ आपल्याला मंद दिसतं. तिथे कोणी असेल आणि त्याने आपल्या दीर्घिकेकडे पाहिलं, तर त्याला *आपलं* घड्याळ मंद दिसेल. दोघेही समोरच्याला मंद म्हणतात, साक्ष जुळत नाही. म्हणजे घड्याळात बिघाड नाही, मधल्या वाटेत काहीतरी घडतंय. प्रकाशाचा एक टोला निघाला आणि एका सेकंदाने दुसरा. दोघांमधलं अंतर निघताना तीन लाख किलोमीटर होतं. वाटेत अवकाश ताणलं गेलं, ते सहा लाख झालं. दोघांचा वेग एकच, मग आपल्याकडे ते दोन सेकंदांच्या फरकाने पोचणार. पाठवणाऱ्याने मात्र एका सेकंदानेच पाठवले होते.

याचा पुरावाही सुरेख आहे. एका विशिष्ट जातीचे तारे, श्वेतबटू, फुटतात तेव्हा त्यांचा प्रकाश साधारण ठरलेल्या क्रमाने चढतो आणि उतरतो. जवळच्या स्फोटात तेज कळसाला पोचायला अडीच-तीन आठवडे लागतात. जितका दूरचा स्फोट, तितका हाच चढउतार लांबलेला दिसतो. २०२४ साली १५०४ स्फोटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विश्व जितक्या पटीने ताणलं गेलं, नेमक्या तितक्याच पटीने स्फोट संथ दिसतो, असं त्यात आढळलं. पाचपटीची बातमी २०२३ च्या अभ्यासाची. त्यात १९० क्वेसारांच्या, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांच्या, प्रकाशातली चढउतार तपासली होती. त्यांतल्या सर्वांत दूरच्यांचा प्रकाश विश्व जेमतेम शंभर कोटी वर्षांचं असताना निघाला, तोवर अवकाश पाचेक पट ताणायचं बाकी होतं. अभ्यास चोख आहे, मथळा चुकीचा आहे.

मोजणीची साखळी

मास्तर, मी जमीनमोजणीची कामं घेतो. रोव्हरची (उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राची) काठी रोज हातात असते, म्हणून एवढंच सांगतो. गुरुत्वाकर्षण आणि काळ हा विषय आमच्या धंद्यात शिरलेला आहे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथे गुरुत्वाकर्षण कमजोर, म्हणून त्यांची घड्याळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) पुढे पळतात. पण वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागेही पडतात. जमाखर्च करून ३८ मायक्रोसेकंद पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो, आणि इथे बांधावरच्या दोन सेंटीमीटरसाठी भावाभावांत कोर्ट चालतं. म्हणून जमिनीवर असतानाच ती घड्याळं जरा मंद लावून वर पाठवतात: १०.२३ मेगाहर्ट्झऐवजी १०.२२९९९९९९५४३. हा आकडा फळ्यावर पूर्ण लिहा. शेवटच्या अंकापर्यंत त्याला अर्थ आहे हे मुलांना कळू द्या.

जीपीएससारख्या आपल्या भारतीय नाविक प्रणालीचे उपग्रह त्याहून वर, ३६ हजार किलोमीटरवर आहेत. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ वर भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ आहे. मुलांना ते आवडेल.

पाटीपेन्सिल

ध्रुवमत्स्य सर, साक्षीची कसोटी वहीत उतरवली. साखळीदादा, बांधाचं उदाहरण तर आमच्या घराघरांत आहे.

आणखी दोन शंका. मुलं नक्की विचारतील: विश्व पसरतंय तर आपणही पसरतोय का, भिंतीवरचं घड्याळही? आणि एक व्हिडिओ फिरतोय, त्यात म्हणतात की आपल्या दीर्घिकेतलं घड्याळ पोकळीतल्यापेक्षा ३५ टक्के मंद आहे, म्हणून डार्क एनर्जी (प्रसरणाचा वेग वाढवते असं मानलेली ऊर्जा) वगैरे सगळं खोटं. हे खरं का?

कृत्तिका

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून या दोन्हींवर लिहिते.

आपण पसरत नाही. अणू विद्युत बलाने बांधलेले आहेत, पृथ्वी आणि सूर्य गुरुत्वाकर्षणाने. बांधलेल्या गोष्टी प्रसरणात सामील होत नाहीत. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिकासुद्धा आपल्यापासून लांब जात नाही, उलट जवळ येते आहे. भिंतीवरच्या घड्याळाला प्रसरणाचा पत्ताच नाही.

३५ टक्क्यांचा दावा मात्र झटकून टाकू नका. त्यामागे न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातलं अनेक वर्षांचं गंभीर काम आहे. त्यांचं म्हणणं असं: विश्वात पदार्थ सारखा पसरलेला नाही, मोठमोठ्या पोकळ्या आहेत. पोकळ्या जलद पसरतात, दीर्घिकांच्या भिंती हळू. गुरुत्वाकर्षणाच्या फरकामुळे दोन्हीकडचे काळ वेगवेगळे चालत आले आणि अब्जावधी वर्षांत तो फरक साचत गेला. आपण आपल्या मंद घड्याळाने सगळं मोजतो, म्हणून प्रसरणाचा वेग वाढत असल्याचा भास होतो. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी ताऱ्यांच्या स्फोटांच्या नोंदी आपल्या बाजूने असल्याचं मांडलं, तिथून तो व्हिडिओ निघाला असणार.

बहुतेक विश्वशास्त्रज्ञ हे मानत नाहीत, आणि त्याचं साधं कारण मुलांनाही सांगता येईल. नेहमीच्या गणिताने सूर्याच्या पृष्ठभागावरचं घड्याळ दूरच्या घड्याळापेक्षा वर्षाला सुमारे ६७ सेकंदच मागे पडतं. आपल्या सबंध दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने इथला काळ मंदावतो तो दहा लाखांत एक-दोन भाग. विश्वाच्या १३८० कोटी वर्षांत त्याची बेरीज सुमारे चौदा ते अठ्ठावीस हजार वर्षं. दहा लाखांत दोन भाग कुठे आणि शंभरात पस्तीस कुठे! एवढी झेप घ्यायला काळाची तुलना करण्याची रीतच वेगळी धरावी लागते. ती रीत योग्य की नाही, हाच वाद आहे. १९९८ साली दोन गटांना प्रसरणाचा वेग वाढताना दिसला, २०११ मध्ये त्यावर नोबेल मिळालं, त्याला इतर निरीक्षणांचा आधारही आहे. व्हिडिओने एका बाजूचं म्हणणं निकाल म्हणून दाखवलं. मी सरांच्या जागी असते तर नववीला हे शिकवलं नसतं, कोणी विचारलं तरच सांगितलं असतं.

एक गोष्ट मात्र जरूर घ्या, कारण ती तुमच्या गच्चीवरून दिसते. हायड्रोजनचा अणू रेडिओलहर सोडतो, १४२० मेगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १४२ कोटी हेलकावे. निसर्गाने दिलेलं घड्याळच ते. २०२३ च्या जानेवारीत बातमी आली होती की खोडदच्या दुर्बिणीने ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हीच लहर टिपली. ती आली ६२० मेगाहर्ट्झवर. तिथे १४२ कोटी, इथे ६२ कोटी. भागाकार मुलांकडूनच करून घ्या: २.२९. तेवढ्या पटीने विश्व ताणलं गेलं आणि तेवढ्याच पटीने ते घड्याळ आपल्याला मंद दिसतं. आणि ही क्षीण लहर ऐकू आली कशी? वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम करून ती सुमारे तीस पट ठळक केली. एकाच निरीक्षणात प्रसरण आणि गुरुत्वाकर्षण, दोघांचं काम दिसतं, आणि तेही तुमच्या तालुक्यात.

ध्रुवमत्स्य

कृत्तिकाताई, हे मला सुचायला हवं होतं. सर, तास इथूनच सुरू करा.

हाताने करायला सायकलची जुनी ट्यूब घ्या. पंक्चरवाल्याकडे मिळते. उभी चिरून बोटभर रुंद पट्टी काढा. खडूने दोन-दोन सेंटीमीटरवर रेघा मारा, हे टोले. शेजारी पांढऱ्या पेनाने एक लाट काढा. मधे चार टिकल्या चिकटवा, या दीर्घिका. दोन मुलांना दोन्ही टोकं ओढायला सांगा. रेघा लांब जातात, लाट ताणते, टिकली तेवढीच राहते. "आपण पसरतो का" याचं उत्तर तिथेच मिळतं.

पाटीपेन्सिल

काल शाळा सुटल्यावर सहा मुलांना थांबवून करून पाहिलं, म्हणून कळवतो.

ट्यूब सव्वापटीच्या पुढे ताणेना, पट्टी फार रुंद कापली होती. करंगळीएवढी केली तेव्हा दुप्पट झाली. टिकल्या पहिल्याच ओढीला सुटल्या. मग एका मुलीने दप्तरातून सुईदोरा काढला आणि शर्टाची चार बटणं मधोमध एकेका टाक्यात शिवून दिली. रबर बटणाखालून ताणतं, बटण तेवढंच राहतं. टिकलीपेक्षा हे चांगलं, कारण बांधलेली गोष्ट म्हणजे काय ते टाक्यातच दिसतं.

खडूच्या रेघा दोनवरून चार सेंटीमीटरवर गेल्या. बातमी आणणाऱ्या मुलाने पट्टीने दोनदा मोजलं. मग त्याने स्वतःच सांगितलं, "सर, त्याने दोनवरच पाठवलं होतं, आपल्याला चारवर मिळालं." त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यावंच लागलं नाही.

शिवणाऱ्या मुलीने विचारलं, त्या ८८० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकेतल्या एखाद्या मुलीचा एक वाढदिवस दिसल्यावर पुढचा आपल्याला किती दिवसांनी दिसला असता. ३६५ गुणिले २.२९, ८३६ दिवस. "आणि तिला स्वतःला?" ३६५. तिने दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले.

साखळीदादा, एक विनंती. २८ तारखेला रोव्हर घेऊन तासभर शाळेत येता येईल का? तुमच्या काठीला दिवसाला ३८ मायक्रोसेकंदांचा हिशोब लागतो, हे मुलांनी तुमच्या तोंडून ऐकावं असं फार वाटतं.

मोजणीची साखळी

येतो मास्तर. सकाळी ओतूरला एक मोजणी आहे, ती आटोपून साडेअकरापर्यंत पोचतो. मैदानात मोकळं आकाश दिसेल अशी जागा बघून ठेवा, झाडाखाली उपग्रह नीट धरत नाहीत.