लेकीचा ईईजी कोल्हापुरात कुठं करावा?

राजारामपुरीची आई: लेक आठ वर्षांची. जेवता जेवता घास हातात तसाच राहतो, डोळे उघडे, पण पाच-दहा सेकंद बाईसाहेब इथं नसतातच. मग घास तोंडात, काही झालंच नाही असं. शाळेतून ‘लक्ष नसतं’ म्हणून दोनदा चिठ्ठी आली. डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढायला सांगितलाय. सासूबाई म्हणतात, डोक्याला शॉक देतात. कुणी केलाय का? कुठं?

भडंगप्रेमी: शॉक-बिक काही नसतो ताई. मशीन डोक्यात काही सोडत नाही, नुसतं ऐकतं. फक्त केसांना तेल नको! माझ्या भाच्याला आईनं सवयीनं खोबरेल थापलेलं. तारा चिकटेनात, टेक्निशियन बाई स्पिरिटनं पुसून दमल्या.

तारावाला: मी हेच काम करतो. टाळूवर येणारं व्होल्टेज पेन्सिल सेलच्या साधारण तीस हजाराव्या हिश्शाएवढं, त्यामुळं दात चावले तरी आलेख बिघडतो. डोळे मिटले की मागच्या बाजूला सेकंदाला 8 ते 13 अशा अल्फा लाटा उमटतात. बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरनं माणसाचा पहिला ईईजी 1924 साली घेतला आणि 1929 साली छापला, तेव्हापासून त्या ठाऊक आहेत. लेकीला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतील. तुम्ही सांगताय तसले, हरवल्यासारखे फिटचे झटके असतील तर बऱ्याचदा तेव्हाच सेकंदाला तीन टोकदार लाटांची रांग दिसते. भिरभिरं घेऊन जावा, पोरं फुंकत बसतात. दमा असेल तर आधी सांगा.

शाहूपुरीकर: नॉर्मल आला म्हणजे सुटलो ना?

तारावाला: नाही ओ. फिट येणाऱ्यांतल्या जवळपास निम्म्यांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो. अर्ध्या तासात मेंदू काही बोललाच नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून मोबाईलवर झटक्याचा व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांना तो रिपोर्टाइतकाच कामाचा. आणि ईईजीवरून हुशारी मोजून देतो म्हणणाऱ्या क्लासवाल्यांच्या नादाला लागू नका.

भडंगप्रेमी: कुठं म्हणाल तर सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, आधी चौकशी करा. खासगीत जाणार असाल तर दोनच विचारा: लहान मुलांचा झोपेतला करता का, आणि रिपोर्ट न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूचे डॉक्टर) स्वतः वाचतात का.

राजारामपुरीची आई: शुक्रवारची वेळ मिळाली. तिथं झोप लागावी म्हणून पहाटे चारला उठवून आणा म्हणालेत. सासूबाईंनी तेलाची बाटली स्वतःच वर ठेवली. भिरभिरं घेतलंय, दोन घेतली, एक धाकट्याला.

तारावाला: रिक्षात झोपू देऊ नका.