गच्चीवरचा चहा आणि टँकरचं पाणी

नीलिमाताई (बी-५०२), रात्री ९.१२
रविवारी गच्चीवर चहा चाखायला जे अकरा जण आले होते, त्यांची आधी माफी मागते. दार्जिलिंगहून आणलेली पत्ती तुम्हाला पाजली ती पाजलीच नाही असं समजा. आज दुपारी तीच पत्ती, तीच किटली, तेवढीच तीन मिनिटं, फक्त पाणी बदललं. चहा वेगळाच निघाला. सविस्तर लिहिते.

कुलकर्णी काका (ए-१०१), ९.१४
लिहा. रविवारचा पहिला कप म्हणजे चहाचं पातेलं विसळलेलं पाणी होतं. मी तेव्हा बोललो नाही.

भिडे काकू (सी-१०२), ९.१४
बोललात. दोनदा.

नीलिमाताई (बी-५०२), ९.२१
काकांचं खरंच होतं, पण दोष पातळपणाचा नव्हता. फर्स्ट फ्लश पातळच दिसतो. हिवाळाभर निजलेल्या झुडपांना फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत जी पहिली पालवी फुटते, तिची ही पत्ती. ती खूप सुकवतात, पण पूर्ण काळी होऊ देत नाहीत. म्हणून डब्यात बरीच पानं हिरवट दिसली होती, बुरशी नव्हती ती. (हा प्रश्न कोणी विचारला होता ते सांगत नाही.)
रंग फिका सोनेरी यायला हवा. रविवारी आला गढूळ तपकिरी, वर तेलकट पापुद्रा. आज कप नाकाशी नेला तर अर्धकच्चा पेरू कापल्यावर येतो तसा वास. घोट घेतला तर आधी काहीच नाही, मग जिभेच्या कडेला तुरट, आणि गिळल्यावर मागून गोडसर. साखर नव्हती, शपथ.

गोखले काका (ए-४०४), ९.२६
पापुद्र्याचं कारण सांगतो, आयुष्य प्रयोगशाळेत गेलंय. रविवारी महापालिकेचं पाणी आलं नव्हतं. वरच्या टाकीत टँकर पडला होता, तोही बोअरच्या पाण्याचा. जड पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर. चहातली तुरट द्रव्यं त्यात हवा लागली की पृष्ठभागावर तवंग धरतात आणि रंग काळवंडतो. खात्री करायची असेल तर त्या कपात लिंबाचे चार थेंब पिळा, तवंग जातो. महापालिकेचं, म्हणजे खडकवासला धरणाचं पाणी त्यामानाने हलकं.

भिडे काकू (सी-१०२), ९.२७
म्हणूनच त्या दिवशी तूरडाळ सहा शिट्ट्यांनाही शिजली नाही! मी वाण्याशी भांडून आले.

देशमुख, सचिव (सी-२०४), ९.२८
टँकरचा विषय कृपया मेंटेनन्सच्या ग्रुपवर.

कुलकर्णी काका (ए-१०१), ९.२९
पण मग रोजचा चहा कसा बिघडत नाही? पाणी तर तेच.

नीलिमाताई (बी-५०२), ९.३३
तेच तर मला आज उमजलं. आल्या-दुधाचा चहा पाण्याची सगळी पापं पोटात घालतो. आपली रोजची पत्ती सीटीसी, म्हणजे यंत्राच्या दातेरी रुळांतून चिरडून, फाडून, वळवून केलेले दाणे. हे यंत्र आसामात १९३० च्या दशकात आलं. दाणा बारीक, त्यामुळे दोन मिनिटांत कडक रंग, आणि दूध, साखर, वेलची घातली तरी तो दबत नाही. अमृततुल्यवाल्यांचं सगळं गणित त्यावरच. अख्ख्या पानाच्या चहाला असला कसलाच आडोसा नाही. पाणी वाईट असलं की लगेच उघडा पडतो.

माने (ए-६०३), ९.३५
ताई, तो दुसरा दार्जिलिंग मला रविवारीसुद्धा आवडला होता. तांबूस होता तो.

नीलिमाताई (बी-५०२), ९.४१
तो सेकंड फ्लश, मे-जूनच्या तोडणीचा, माझ्याकडचा मागच्या वर्षीचा आहे. आज त्याला काळ्या द्राक्षाच्या सालीचा वास आला, मनुका भिजवलेल्या पाण्यासारखाही. याला मस्कटेल म्हणतात. गंमत ऐका. त्या दिवसांत तुडतुडे कोवळ्या पानांचा रस शोषतात. झाड स्वतःला वाचवायला म्हणून काही सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि त्यातून हा वास येतो.

माने (ए-६०३), ९.४३
तुडतुडे?? आमच्या नारायणगावच्या द्राक्षबागेत तुडतुडे दिसले की वडिलांची झोप उडते, फवारणीला पैसा ओततो आम्ही. आणि तिकडे त्याचेच जास्त पैसे घेतात?

नीलिमाताई (बी-५०२), ९.४४
घेतात. मी दिले.

श्रुती (बी-३०१), ९.४६
ताई, माझ्या सेन्चाचं, त्या जपानी हिरव्या चहाचं काय? जपानीच्या क्लासच्या सरांनी एवढा प्रेमाने आणून दिला आणि भिडे काकू म्हणाल्या पालक उकडलेलं पाणी.

भिडे काकू (सी-१०२), ९.४७
अगं पालकाचं पाणी निदान कडू नसतं.

नीलिमाताई (बी-५०२), ९.५२
त्यात पाण्याइतकीच माझीही चूक. सेन्चाची पानं खुडल्यावर लगेच वाफवतात, म्हणून ती हिरवीच राहतात. मी त्यावर खळखळ उकळतं पाणी ओतलं. त्याला ७० अंशांच्या आसपासचंच पाणी लागतं. घरात थर्मामीटर नाही, पण श्रुतीने युक्ती सांगितली. उकळलेलं पाणी एका कपातून दुसऱ्या थंड कपात ओतलं की साधारण दहा अंश उतरतं. मी तीनदा ओतलं, मग पानांवर घातलं, मिनिटभरच ठेवलं. कडवटपणा जवळजवळ गेला. पालक मात्र राहिला, काकू, तो मी नाकारत नाही. कोवळ्या मटाराच्या शेंगेसारखं काहीतरी गोड मागे होतं. मला रोज नको, पण वाईट म्हणणार नाही.

कुलकर्णी काका (ए-१०१), ९.५३
आणि तो धुराचा? त्याचा डबा अजून माझ्या नाकात आहे.

नीलिमाताई (बी-५०२), ९.५९
लापसांग सूचाँग. चीनच्या फुजियान प्रांतातल्या वुई डोंगरातला, पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेला. भाचा घेऊन आला. याच्यावर पाण्याचा फारसा परिणाम झाला नाही, कारण धुरापुढे काही टिकतच नाही. पण खरं सांगू? मला हा वास नवा वाटलाच नाही. सदाशिव पेठेतल्या वाड्यात न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब असायचा, आजोबा पहाटे त्यात लाकडं घालायचे. अंघोळ करून आलो तरी केसांना तोच वास. एक घोट घेतला आणि मी सात वर्षांची झाले. चहा म्हणून किती चांगला ते मला सांगता येणार नाही, मी तटस्थच नाही.

भिडे काकू (सी-१०२), १०.००
बंब! बरोब्बर. मी रविवारपासून आठवत होते.

गोखले काका (ए-४०४), १०.०३
उलाँग राहिला. गोळ्यांसारखा होता तो. माझ्या मते सगळ्यांत उत्तम, टँकरच्या पाण्यातही.

नीलिमाताई (बी-५०२), १०.१०
तिएग्वानयिन. अर्धवट ऑक्सिडीकरण केलेला, हिरव्या आणि काळ्याच्या मधला, फुजियानमधल्याच आन्शीचा. चिमूटभर गोळ्या टाकल्या होत्या, बघता बघता किटली पानांनी भरली. पहिल्या पाण्याला अनंताच्या फुलाचा वास, दुसऱ्याला त्याहून जास्त, पाचव्यापर्यंत टिकला. म्हणजे महाग दिसतो तेवढा महाग नाही, एका चिमटीत संध्याकाळ जाते. नावातली ग्वानयिन म्हणजे चीनमधली करुणेची देवी. अजिंठ्यातला पद्मपाणी आठवा, तो अवलोकितेश्वर. तोच तिकडे जाऊन देवी झाला.

माने (ए-६०३), १०.११
आसाम आणि निलगिरी?

नीलिमाताई (बी-५०२), १०.१५
आसामला नाचणीच्या सत्त्वाचा वास. एकटा आसामच दूध घालून प्यायला बरा लागला. निलगिरी ठीक, स्वच्छ, जरा अबोल. पण उरलेला फ्रीजमध्ये ठेवला तर गढूळ झाला नाही. बाकी कडक चहा गार झाले की दुधाळतात. मे महिन्यात लिंबू पिळून प्यायला तोच ठेवणार.

ओंकार (सी-३०३), १०.१७
आजी विचारतेय, सात प्रकार केले तर त्यात एकही "चहा" का नव्हता.

नीलिमाताई (बी-५०२), १०.१८
आजींना सांग, पुढच्या वेळी आठवा त्यांच्या हातचा. आलं ठेचून, गवती चहा घालून. चेष्टा नाही, शेजारी शेजारी ठेवून प्यायचाय मला. माझी सकाळ अजूनही त्यानेच होते. पानाचा चहा दुपारी चारचा, एकटीने, फोन बाजूला ठेवून.

देशमुख, सचिव (सी-२०४), १०.२०
सूचना : उद्या गुरुवार, दुरुस्तीच्या कामामुळे महापालिकेचा पाणीपुरवठा दिवसभर बंद. शुक्रवारी कमी दाबाने येईल. दोन टँकर सांगितले आहेत. पाणी जपून वापरावे.

भिडे काकू (सी-१०२), १०.२१
डाळ आत्ताच शिजवून ठेवते.

श्रुती (बी-३०१), १०.२२
सेन्चा शनिवारपर्यंत बंद 😔

कुलकर्णी काका (ए-१०१), १०.३१
नीलिमाताई, मी पिण्याच्या नळाचे दोन तांबे भरून झाकून ठेवलेत. तुमच्या त्या तुडतुड्यांच्या चहातला थोडा उरलाय का? चमचाभर पुरे. हिला सांगू नका, मी रविवारी फार बोललोय.

कुलकर्णी काकू (ए-१०१), १०.३२
मीही याच ग्रुपवर आहे.