मदत हवी आहे: झूम बदलला की फोकस सुटतो, दोष लेन्सचा की अडॅप्टरचा?

७०-२०० मिमी, एफ २.८ ची जुनी मॅन्युअल झूम लेन्स अडॅप्टर (वेगळ्या माउंटची लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी) लावून मिररलेस बॉडीवर व्हिडिओसाठी वापरायची आहे. २०० मिमीवर फोकस अचूक लावून ७० मिमीवर आलं की चित्र मऊ (अस्पष्ट) पडतं. फोकस रिंगला मधे हात लागत नाही. चाचणी ट्रायपॉडवर, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून आणि लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करून घेतली आहे.

झूमने फोकल लेंग्थ बदलते, फोकसने स्पष्ट दिसणाऱ्या प्रतलाचं अंतर. लेन्स पारफोकल असेल तर झूम करताना ते प्रतल जागचं हलत नाही, व्हेरिफोकल असेल तर सरकतं. इथवर गोंधळ नाही.

खरा प्रश्न अडॅप्टरचा आहे. तो ०.१ मिमीने जरी पातळ असला, तरी लेन्स सेन्सरच्या तेवढी जवळ बसते आणि पारफोकल लेन्सही अशीच वागेल. हिशोब केला तर अनंतावरची वस्तू ७० मिमीवर फोकस रिंगवरच्या साधारण ४९ मीटरच्या खुणेवर स्पष्ट होईल, २०० मिमीवर ४०० मीटरच्या, म्हणजे जवळजवळ अनंताच्याच. म्हणून फरक वाइडला (७० मिमीला) उठून दिसतो.

तर विचारायचं हे: दूरच्या मनोऱ्यावर दोन्ही टोकांना फोकस लावून रिंगवरच्या खुणा ताडून पाहिल्या, तर तेवढ्यावरून अडॅप्टर दोषी ठरवता येईल का? की व्हेरिफोकल लेन्सही नेमका हाच फरक दाखवते? आणि शिम (जाडी भरून काढणारी पातळ चकती) घालायची झाल्यास किती जाडीपासून सुरुवात करावी? माउंट तिरका बसू नये म्हणून अखंड कडी घ्यावी की स्क्रूपाशी तुकडे चालतात? प्रत्यक्ष शिमिंग केलेल्यांनी कृपया सांगा.